कोरीव घडवंची आणि सुताराचे माप



कामगार संघटनेच्या माणसाने जुन्या चिनी सामानावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण ज्या वस्तूवर कष्टकऱ्याचा हात फिरला, ती आमच्या विषयाबाहेरची नाही.

चिनी घरांत तोंड धुण्याचे भांडे ठेवण्यासाठी लाकडी घडवंची असे. साध्या घडवंचीचे पाय सारख्या उंचीचे. श्रीमंताघरच्या घडवंचीचे मागचे दोन पाय माणसाच्या उंचीपर्यंत चढत. त्यांवर पंचा टाकायला आडवी दांडी, दांडीच्या टोकांना ड्रॅगनची कोरलेली मुंडकी आणि खाली नक्षीची फळी. उंची लाकूड हैनान बेटावरचे; ते आपल्या शिसवाच्याच कुळातले. सांधे खिळ्यांवर नव्हेत, भोकात घट्ट बसवलेल्या कुसवांवर उभे.

मात्र या घडवंचीला नळ नाही, खाली मोरी नाही. पाणी कोणीतरी तापवून आणायचे, ओतायचे आणि गढूळ झाले की उचलून न्यायचे. नक्षीची किंमत आज लिलावात ठरते. त्या खेपांची मोजदाद कोणी ठेवली?

तरी चिनी सुताराची विद्या सगळीच बुडाली नाही. मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) ‘लू बान जिंग’ हे सुतारकीचे पुस्तक तयार झाले. लू बान म्हणजे तिकडचा विश्वकर्मा. त्यात कोरीव घडवंचीला स्वतंत्र कलम आहे: मागचे पाय पाच चिनी फुटांहून उंच, पुढचे दोन फुटांच्या आसपास. पुढे वांग शिश्यांग (१९१४–२००९) या अभ्यासकांनी कारागिरांच्या तोंडचे शब्द जमवले आणि १९८५ साली जुन्या सामानावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता आपल्या तालुक्याकडे पाहू. गिर्ये येथे मराठा आरमाराची गोदी आहे. तेथे गलबते बांधणाऱ्या एका तरी सुताराचे नाव आपणांपैकी किती जण सांगू शकतील? फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होडी बांधणारे हातही कमी होत चालले आहेत. त्यांची मापे कागदावर नाहीत, बोटांत आहेत.

म्हणून आमचे मागणे एवढेच: वाडीतल्या म्हाताऱ्या सुताराशेजारी वही घेऊन बसा. त्याचे नाव, माप, शब्द आणि त्याला मिळालेली मजुरीही लिहून घ्या. नक्षी जपणारे पुष्कळ आहेत; नक्षी करणाऱ्याची नोंद आपणच ठेवली पाहिजे.