वैद्यकविद्येची देवघेव

घोडपदेव ही मुंबईच्या श्रमजीवी लोकांची जुनी वस्ती. तिच्या दक्षिणेस भायखळ्याच्या बाजूला सर जे. जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर उत्तरेस परळला के. ई. एम. रुग्णालय व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या पिढ्यांनी आपली दुखणी घेऊन ह्या दोहोंपैकी एक दार गाठले. परदेशच्या साहाय्याने वैद्यकशिक्षण केव्हा समर्थ होते आणि केव्हा परावलंबी राहते, ह्याचा बोध ह्याच दोन संस्थांच्या इतिहासातून होतो.

ग्रँट महाविद्यालय 1845 साली सुरू झाले. रुग्णालयासाठी लाख रुपये दिले सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनी. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे एडिंबरोस शिकलेले. विद्या परकी, परंतु द्रव्य, विद्यार्थी आणि रोगी येथले. 1851 साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते.

ह्या शिक्षणाची कसोटी 1896 साली लागली. मांडवी भागात आलेला ताप प्लेगचा आहे, हे ह्याच महाविद्यालयात शिकलेले गोमंतकीय डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी ओळखले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉ. हाफकिन मुंबईस आले व ग्रँट महाविद्यालयातच प्रयोग करू लागले. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी नवी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. 1899 साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि 1925 साली तिला हाफकिन ह्यांचे नाव मिळाले. रोग ओळखणारा येथला, लस शोधणारा बाहेरचा. दोघांनाही एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते.

मात्र ह्या व्यवस्थेत एक मोठे वैगुण्य होते. अध्यापकांच्या वरिष्ठ जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि त्या नोकरीची स्पर्धापरीक्षा दीर्घकाळ लंडनमध्येच होई. हिंदी विद्यार्थ्याने वैद्य व्हावे, पण गुरुपद त्याच्या वाट्यास क्वचितच यावे, असा तो प्रकार होता. जेथे शिष्याला गुरू होता येत नाही, तेथे विद्या कायमची उसनीच राहते.

परळचे महाविद्यालय 1926 साली उभे राहिले ते ह्याच जाणिवेतून. देणगीदारांची अट होती की अध्यापकवर्ग हिंदीच असावा. परंतु ह्या अटीत परदेशी विद्येचा तिटकारा नव्हता. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता ग्रँट महाविद्यालयाचे विद्यार्थी. लंडनला जाऊन ते एम. डी. झाले आणि तेथील विद्या त्यांनी परळच्या संस्थेच्या कामी लावली. स्वावलंबनाचा हा पायाही देवघेवीवरच घातलेला होता. फरक एवढाच, की करार कोणत्या अटींवर व्हावा हे येथल्या लोकांनी ठरविले.

आज परदेशी विद्यापीठांशी सहकार्य करताना हेच माप लावावयास हवे. यंत्रे येतात आणि जुनी होतात. पाहुणे प्राध्यापक येतात आणि परत जातात. मागे शिकविणारा माणूस आणि चालती प्रयोगशाळा उरली, तरच ते साहाय्य सार्थकी लागले. घोडपदेवच्या चाळीतून आलेल्या रुग्णाजवळ मध्यरात्री उभा राहणारा तरुण डॉक्टर कोणाकडून आणि काय शिकला, ह्यावरच त्या रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.