गुडघा सुजला, चोळू नका!

1994 साली पुण्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हैदराबादचे बॅडमिंटनपटू पुलेला गोपीचंद यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, चिकाटीने व्यायाम झाला आणि 2001 मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली!

दुखापत झाली तेव्हा ते विशीत होते. शाळकरी मुलांची हाडं मात्र अजून वाढत असतात. टोकाजवळच्या कच्च्या वाढपट्टीला मार बसला, तर हाड वाकडं वाढू शकतं.

मूल लंगडलं की खेळ तिथेच बंद. बर्फ पंच्यात गुंडाळून 15-20 मिनिटं लावावा, पाय उशीवर ठेवावा. आजीचं गरम तेल? पहिले दोन दिवस बाटली कपाटातच बरी. चोळल्याने सूज वाढते. पाय टेकवतच नसेल, तर थेट डॉक्टरांकडे. आणि एरवीही आठवड्यातून एक दिवस रॅकेटला सुट्टी.