लाल हंडा आणि नाताळचे दान



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा दानाचा विषय निघणे स्वाभाविक असते. दान किती आले आणि किती दिले, याचा जमाखर्च प्रत्येक संस्थेच्या दप्तरात असतो. परंतु ते कसे मागितले गेले, कोणत्या भावनेने दिले गेले आणि घेणाऱ्याच्या मनावर त्याचा कोणता ठसा उमटला, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. या न झालेल्या नोंदीचा विचार करण्यासाठी आज एका परधर्मीय संस्थेचे उदाहरण समोर ठेवावयाचे आहे. चांगली गोष्ट कोठेही आढळली, तरी तिचे अनुमोदन करावे, ही आपली रीतच आहे.

नाताळचे दिवस जवळ आले की अमेरिकेतील शहरांत बाजारपेठांच्या दाराशी एक दृश्य हमखास दिसते. तिकाटण्याला टांगलेला एक लाल हंडा, त्यावर पैसे टाकण्यापुरती फट असलेले झाकण आणि शेजारी थंडीत हातघंटा वाजवीत उभी असलेली एक व्यक्ती. खरेदी करून बाहेर पडणारा मनुष्य क्षणभर थांबतो, नाणे किंवा नोट टाकतो आणि पुढे जातो. पावती नाही, नावाचा उच्चार नाही. हा हंडा ‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती धर्मसंस्थेचा. महाराष्ट्रात ही संस्था ‘मुक्तिफौज’ या नावाने परिचित आहे.

या संस्थेचा प्रारंभ १८६५ साली लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत विल्यम बूथ आणि त्यांच्या पत्नी कॅथरिन यांनी केला. १८७८ साली तिला आजचे नाव मिळाले आणि सैन्याप्रमाणे कॅप्टन, जनरल अशी पदे आली. १८९० साली बूथ यांनी इंग्लंडमधील दारिद्र्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लंडनच्या भाड्याच्या गाडीच्या घोड्याचा दृष्टांत दिला आहे. तो घोडा रस्त्यात पडला, तर त्याला उठवून उभे केले जाते. आणि जिवंत असेपर्यंत त्याला निवारा, चारा व काम मिळते. घोड्याला जे मिळते, तेवढे तरी माणसाला मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. घोडा पडला असता तो का पडला, याची चौकशी कोणी आधी करीत नाही. आधी त्याला उठवितात. माणसाच्या बाबतीत मात्र आपण प्रथम चौकशी करतो, आणि पुष्कळदा ती चौकशीच शेवटची ठरते. याच बूथ यांचे चिरंजीव ब्रॅमवेल हे शाकाहाराचे आग्रही पुरस्कर्ते होते, हे येथे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

१८९१ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात या संस्थेचे कॅप्टन जोसेफ मॅकफी यांच्यापुढे एक चिंता उभी राहिली. नाताळच्या दिवशी शहरातील सुमारे एक हजार गरिबांना भोजन द्यावे, असा त्यांचा संकल्प होता. पण गाठीला पैसा नव्हता. तरुणपणी मॅकफी खलाशी होते. इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराच्या धक्क्यावर त्यांनी एक मोठा लोखंडी हंडा पाहिला होता. येणारेजाणारे गरिबांसाठी त्यात नाणे टाकीत. ती आठवण होताच त्यांनी मार्केट स्ट्रीटच्या टोकाला, ओकलंडहून येणाऱ्या बोटींच्या धक्क्यावर, तसाच एक हंडा मांडला. हंडा उकळता ठेवा, एवढीच विनंती त्यावर होती. ज्यात अन्न शिजावयाचे, ते पात्रच लोकांसमोर आले. बोटीतून उतरणाऱ्या माणसाला आपल्या नाण्याचे काय होणार, हे विचारावे लागले नाही. थोड्याच दिवसांत भोजनाचा खर्च निघाला.

या प्रसंगातील मर्म व्यापाऱ्याला चटकन उमगेल. मॅकफी यांनी एका धनिकाकडे हजार माणसांचा खर्च मागितला नाही. हजारो वाटसरूंकडे एकेक नाणे मागितले. घाऊक दानाने संस्था उभी राहते. किरकोळ दानाने ती समाजाची होते. ज्याने एक नाणे टाकले, त्यालाही नाताळच्या त्या पंगतीत यजमानपणाचा वाटा मिळाला.

ही प्रथा पूर्व किनाऱ्यावर पोहोचली, तेव्हा एक वेगळीच अडचण आली. १८९७ साली बॉस्टन शहरात विल्यम मॅकिंटायर या अधिकाऱ्यांनी हंडे मांडण्याचे ठरविले. परंतु भररस्त्यात उभे राहून मागणे सहकाऱ्यांना लाजिरवाणे वाटले. त्यांनी नकार दिला. शेवटी मॅकिंटायर, त्यांच्या पत्नी आणि भगिनी अशा तिघांनी शहराच्या ऐन वर्दळीच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर तीन हंडे मांडले. त्या वर्षी देशभरातील अशा प्रयत्नांतून दीड लाख भोजने दिली गेली. स्वतःसाठी मागणाऱ्याला संकोच वाटावा, हे समजू शकते; दुसऱ्यासाठी मागणाऱ्याने मात्र तो घरी ठेवून निघावे. वर्गणीचे पुस्तक हाती घेऊन दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांना याचा अनुभव नक्कीच असेल.

आता या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. ज्या काळात हा हंडा अमेरिकाभर पसरला, त्या काळात, म्हणजे १८९६ ते १९०४ या वर्षांत, तेथील शाखेचे प्रमुख होते फ्रेडरिक बूथ-टकर. हे गृहस्थ मुळात हिंदुस्थानातील सनदी अधिकारी. मानाची सरकारी नोकरी सोडून ते मुक्तिफौजेत गेले आणि १८८२ साली चौघांच्या तुकडीसह मुंबईत उतरून त्यांनी येथील कार्याचा आरंभ केला. भगवी वस्त्रे, अनवाणी पाय आणि ‘फकीर सिंग’ हे नाव त्यांनी स्वीकारले. पुढे विल्यम बूथ यांच्या कन्या एमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्यानंतर अमेरिकेत प्रमुखपदी आल्या इव्हान्जेलिन बूथ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील मुक्तिफौजेच्या रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे.

बूथ-टकर यांच्याच कारकिर्दीत एक प्रसंग घडला आणि आजच्या विषयाचा गाभा त्यातच आहे. १८९९ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहात हजारो गरिबांची पंगत बसली. व्यवस्था चोख होती, अन्न भरपूर होते, हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. परंतु सभोवतालच्या सज्जांत शहरातील संपन्न स्त्रीपुरुष प्रेक्षक म्हणून बसले होते. खाली भुकेलेली माणसे जेवत होती आणि वर पोट भरलेली माणसे ते पाहत होती. त्याच दिवशी कुटुंबांसाठी अन्न भरलेल्या टोपल्याही वाटल्या गेल्या. टोपली घरी नेणाऱ्या माऊलीने आपल्या चुलीवर, आपल्या मुलांसाठी, आपल्या हाताने नाताळचे जेवण केले असेल. अन्न दोन्हीकडे तेच. पण सभागृहातील मनुष्य प्रेक्षकांच्या नजरेखाली जेवला, आणि घरी जेवलेल्या मुलाला हे अन्न कोठून आले, हे कदाचित कळलेही नसेल.

अशा सार्वजनिक पंगती नंतरही काही वर्षे होत राहिल्या. कालांतराने मात्र संस्थेचा कल दुसऱ्या मार्गाकडे वळला. कुटुंबांना शिधा किंवा किराणा खरेदीचे धनादेश द्यावेत, म्हणजे ती आपल्या पसंतीचे साहित्य आणून घरीच स्वयंपाक करतील, ही पद्धत रूढ झाली. या बदलाने देणाऱ्याचे काहीच कमी झाले नाही. घेणाऱ्याची मान मात्र ताठ राहिली.

देणाऱ्यांच्या बाजूनेही या हंड्याने एक सुंदर परंपरा निर्माण केली. १९८२ साली शिकागोजवळच्या क्रिस्टल लेक या गावी हंड्यातील पैसे मोजताना एक सोन्याचे नाणे निघाले. टाकणारा कोण, याचा उल्लेख कोठेही नव्हता. तेव्हापासून अनेक गावांतील हंड्यांत दर नाताळला अशी सुवर्णनाणी निघतात. कित्येकदा ती साध्या नोटेत गुंडाळलेली असतात, म्हणजे घंटा वाजविणाऱ्यालाही कळू नये. आपल्याकडे ज्याला गुप्तदान म्हणतात, ते याहून निराळे काय आहे?

काळानुसार अडचणीही आल्या. लोकांच्या खिशांतून रोकड नाहीशी होऊ लागली. म्हणून २०१९ पासून अमेरिकेतील हंड्यांवर मोबाईलद्वारे पैसे देण्याची सोय झाली. एका नाण्यापासून सुरू झालेल्या या उपक्रमात २०११ च्या नाताळात १४ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. नाताळात गोळा होणारा हा निधी केवळ एका दिवसाच्या भोजनावर खर्च होत नाही. बेघरांचा निवारा आणि अन्नसाहाय्य यांसाठी तो वर्षभर पुरवून वापरला जातो. सणाच्या दिवशी मन उदार होते, परंतु भूक सण पाहून येत नाही. उदारतेच्या दिवशी मागावे आणि गरजेच्या दिवशी द्यावे, हा या व्यवस्थेतील व्यवहारी शहाणपणा आहे.

बंधू-भगिनींनो, प्रत्येक समाजात शिष्यवृत्त्या दिल्या जातात, वह्यापुस्तके वाटली जातात, रुग्णांना साहाय्य होते. व्यासपीठावर विद्यार्थ्याला उभे करून, हातात पाकीट देऊन छायाचित्र काढले जाते. गुणवत्तेचे पारितोषिक असेल, तर ते छायाचित्र त्या मुलाने आयुष्यभर जपावे. परंतु साहाय्य गरजेपोटी दिले असेल, तर ते छायाचित्र वीस वर्षांनंतर त्याच्या मुलांनी पाहावे, असे त्याला वाटेल काय? या एका प्रश्नाने सज्जा कोणता आणि टोपली कोणती, हे ठरविता येते. देणगीदाराचे नाव फलकावर अवश्य असावे. त्यामुळे इतरांना प्रेरणा मिळते आणि हिशेबही उघड राहतो. घेणाऱ्याचे नाव मात्र विश्वस्तांच्या वहीपलीकडे जाऊ नये.

पन्नास वर्षांचा जमाखर्च लेखापरीक्षक तपासतात आणि त्यावर सही करतात. दुसरा जमाखर्च साहाय्य घेऊन गेलेल्या माणसाच्या मनात लिहिलेला असतो. तो रस्त्यात भेटला असता नजर चुकवितो, की हसून नमस्कार करतो, यावर त्या वहीतील शिल्लक ओळखावी.

जय जिनेंद्र.