पंचेचाळीस वर्षांनी धुतला गेलेला ठपका

ऑलिम्पिकच्या उद्घाटनाचे संचलन आपण दूरचित्रवाणीवर पाहतो, तेव्हा बड्या देशांच्या पथकांमधून काही चिमुकली पथकेही चाललेली दिसतात. एक ध्वज, चार-पाच खेळाडू, दोन पदाधिकारी. निवेदकाने नाव उच्चारेपर्यंत ती पुढे गेलेलीही असतात. अशाच एका देशाची, सुरिनामची, गोष्ट आज सांगायची आहे.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित मोठा. लोकसंख्या मात्र सहा लाखांच्या आसपास. १८७३ मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या 'लल्ला रूख' जहाजातून मजुरांची पहिली तुकडी तिथे उतरली, म्हणून आजही तिथे भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. डच अंमल संपून देश स्वतंत्र झाला तो १९७५ मध्ये.

स्वातंत्र्याआधीच, १९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी सुरिनामने एक धावपटू पाठवला. त्याचे नाव विम एसायास, शर्यत ८०० मीटरची. पण प्राथमिक फेरीच्या वेळी तो मैदानावर नव्हताच. तो पोहोचला तेव्हा फेरी आटोपली होती. बातमी पसरली, की गडी झोपून राहिला! पुढे ऑलिम्पिकच्या गमतीजमती सांगताना हा किस्सा हमखास सांगितला जाई. मोठ्या पथकातला एखादा खेळाडू चुकला, तर अहवालात एक ओळ येते. इथे सारा देशच गैरहजर ठरला आणि दोष एकाच माणसाच्या माथी बसला.

सुरिनामचे खेळाडू प्रत्यक्ष स्पर्धेत उतरले ते १९६८ मध्ये, मेक्सिकोत. पदकासाठी आणखी वीस वर्षे गेली. १९८८ मध्ये सोल येथे १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत अमेरिकेचा मॅट बिओंडी शेवटपर्यंत पुढे होता. त्या ऑलिम्पिकमध्ये त्याने पाच सुवर्णांसह सात पदके मिळवली. पण या शर्यतीत भिंत जवळ आली असता त्याने आणखी एक हात मारण्याऐवजी अंग तसेच पुढे सरकू दिले. तेवढ्यात शेजारून अँथनी नेस्टीचा हात भिंतीला लागला. नेस्टी ५३.०० सेकंद, बिओंडी ५३.०१. सुरिनामला सुवर्ण! ऑलिम्पिक जलतरणात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा नेस्टी हा पहिला कृष्णवर्णीय.

ज्या देशात तेव्हा ऑलिम्पिकच्या मापाचा एकच तलाव होता, त्या देशाचा हा पोरगा. पुढची तयारी त्याने अमेरिकेत फ्लोरिडात केली. मायदेशी त्याच्या नावाने टपाल तिकीट निघाले, क्रीडागृहाला त्याचे नाव दिले गेले. १९९२ मध्ये बार्सिलोनात त्याने कांस्यही मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत सुरिनामच्या खात्यात एवढीच दोन पदके आहेत, दोन्ही नेस्टीची. पॅरिसमध्ये तो अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. लहान देशाचे गुण असे बाहेर जातात. त्याच १९८८ साली युरोपीय फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या नेदरलँड्स संघातले गुलिट आणि रायकार्ड हे दोघेही सुरिनामी वडिलांचे मुलगे!

आता पुन्हा एसायासकडे. २००५ मध्ये सुरिनामच्या ऑलिम्पिक समितीने जुन्या प्रकरणाची चौकशी केली. निष्पन्न झाले ते असे : फेरी दुपारी आहे, असे त्याला पथकाच्याच पदाधिकाऱ्याने चुकून सांगितले होते. फेरी होती सकाळी. तो सांगितल्या वेळेला आला होता! समितीने त्याला माफीचे पत्र दिले आणि देशाचा पहिला ऑलिम्पिकपटू म्हणून मानचिन्हही. त्यानंतर दोनच आठवड्यांनी एसायासचे निधन झाले.

पंचेचाळीस वर्षे उशीर झाला खरा. पण ज्यांच्या संस्थेची चूक, त्यांनीच ती शोधून लेखी कबूल केली आणि ती माणूस हयात असताना केली. आपल्याकडच्या क्रीडा संघटनांच्या कपाटांतही अशा काही फायली असतीलच. त्यांतले खेळाडू आज सत्तरीत, ऐंशीत असतील. फाइल उघडायची तर ती आताच उघडायला हवी.