एक आठवडा, पंचवीस वर्षांचा

गोवा की केरळ, हा प्रश्न चार दिवसांच्या सहलीचा असेल तर त्यावर घरात भांडायला मजा येते. तोच पंचवीस वर्षांचा असेल तर मात्र कॅलेंडर काढून बसावं लागतं. टाइमशेअर घेताना आपण समुद्र विकत घेत नाही, खोलीही घेत नाही. दर वर्षी एक आठवडा तिथं राहण्याचा हक्क तेवढा घेतो. त्यासाठी सुरुवातीला एकरकमी पैसे भरायचे, आणि पुढं जाऊ किंवा न जाऊ, वर्षाचं देखभाल शुल्क द्यायचंच.

आम्ही रत्नागिरीचे. मुलगा दुबईत, मुलगी पुण्याच्या शाळेत शिक्षिका. वर्षातून एकदा सगळे एका छपराखाली यावेत, एवढ्यासाठी हा विषय घरात निघाला. बायकोचं मन कोवळमवर, माझं दक्षिण गोव्यातल्या कोलव्यावर. ती म्हणाली, ‘‘अहो, गोवा काय, चार तासांत जाता येतं. पैसे गुंतवायचे तर लांबच्या ठिकाणी गुंतवा.’’ मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी हवामान काढलं.

आखातातल्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. नातवंडं तेव्हाच येणार. जुलैत पणजीला नऊशे-हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिरुवनंतपुरमला त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. पाऊस आधी पोचतो केरळात, एक जूनच्या सुमारास, पण अगदी दक्षिणेला त्याचा जोर कमी असतो. हे ऐकून बायकोचा चेहरा उजळला. मात्र समुद्र दोन्हीकडं खवळलेलाच. कोवळमची वाळूही पावसाळ्यात लाटांनी ओढून नेलेली असते, ती पुढं हळूहळू परतते. पोहणं कुठंच नाही. आणि खरं सांगू का, दुबईत वाढणाऱ्या पोरांना पोहण्याचं काय अप्रूप? त्यांना पाऊस बघायचा असतो!

मुलीला सुट्टी दिवाळीत. तेव्हा गोव्यात पाऊस ओसरलेला असतो, समुद्र निवलेला असतो. दक्षिण केरळात मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा, ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. दुपारी आभाळ भरून येतं आणि संध्याकाळ खोलीत जाते. दोन पावसाळ्यांचा प्रदेश आहे तो.

आता आमच्या घरची एक बाब. विक्रेत्यानं डिसेंबरचा शेवटचा आठवडा ‘सर्वांत मोलाचा’ म्हणून पुढं केला. सर्वांत महागही तोच. आमचं वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकतो. २०३०, २०३१ आणि २०३२ या तिन्ही वर्षी डिसेंबरचा शेवटचा आठवडा रमजानमध्ये येतो. दिवसभर रोजा धरून रिसॉर्टच्या न्याहारीचे पैसे कोण भरणार? विक्रेता बिचारा गोंधळला. त्याच्या तक्त्यात चंद्र नव्हता. ठरलेला आठवडा आम्हाला नकोच, तारखा दर वर्षी बदलता येतील असाच हवा, हे तिथं पक्कं झालं. दिवाळीसुद्धा अशीच पुढंमागं होते, तेव्हा हे फक्त आमच्यापुरतं नाही.

मग अंतर. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हापासून मडगाव आम्हाला शेजारचं झालं. तिरुवनंतपुरमला त्याच रुळांवरून जवळजवळ एक दिवस-रात्र लागते. आज ते गंमतीचं वाटतं. सत्तरीत, गुडघे धरल्यावर वाटेल का? आणि रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर डॉक्टरला कुठल्या भाषेत सांगू? गोव्यात कोकणी चालते, मराठी चालते. कविता लिहिणाऱ्या माणसाला भाषेचं वेड असतं असं लोक म्हणतात, पण दुखणं सांगायला प्रत्येकालाच आपली भाषा लागते. मुलगाही २०२३मध्ये सुरू झालेल्या मोपाच्या विमानतळावर उतरला तर सिंधुदुर्गाच्या वेशीवरच येतो. केरळात उतरून पुन्हा घराकडं उलटं यायचं, हे त्याला जमणारं नाही.

श्रोतेहो, हिशेबही मांडून बघा. समजा देखभाल शुल्क आज वीस हजार आहे आणि वर्षाला सात टक्के वाढतं. दहा वर्षांनी ते चाळीस हजारांच्या घरात जातं, पंचवीस वर्षांनी लाखाच्या वर. तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेल. म्हणून पंचवीस नव्हे, दहा वर्षांचाच करार. जुलैच्या आठवड्यासाठी तर तोही नको. पावसाळ्यात गोव्यात खोल्या तशाही उतरत्या भावात मिळतात.

युरोपीय संघात असा करार चौदा दिवसांत कारण न देता मोडता येतो. आपल्याकडं टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळं करारात लिहिलं असेल तेवढंच आपलं. एक सोय मात्र आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते. रिसॉर्ट कोवळमला असलं तरी फेऱ्या रत्नागिरीतच.

घ्यायचंच तर गोवा, हे आता बायकोलाही मान्य आहे. गेल्या दोन दिवाळ्यांत मागणाऱ्या किती सभासदांना खोली मिळाली, हे लेखी द्या, असं तिनं विक्रेत्याला सांगितलंय. कागद अजून आलेला नाही. तोवर येत्या दिवाळीत कोलव्याला साधी भाड्याची खोली घेतोय, मुलीच्या सुट्टीत. कोवळमला एकदा जायचं, पण परतीचं तिकीट काढून.