पवित्रा आणि आत्मसंरक्षण



मालवणच्या धक्क्यावरून होडीनें सिंधुदुर्गाकडे निघालें, तर पुष्कळ वेळ त्या किल्ल्याचा दरवाजा दृष्टीस पडत नाहीं. कुरटे बेटावर १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला, तेव्हां महादरवाजा बुरुजांच्या आड अशा रीतीनें ठेवला गेला कीं, येणाऱ्यास वळसा घेऊनच आंत शिरावें लागावें. वळतांना शत्रूचा वेग मोडतो आणि त्याची बाजू वरील पहारेकऱ्यापुढें उघडी पडते. माणसाच्या आत्मसंरक्षणाचें पहिलें तत्त्वही हेंच होय: येणाऱ्या वाराच्या सरळ रेषेवर उभें राहूं नये, किंचित् बाजूला सरून त्याचा जोर वायां घालवावा.

हें तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या टिकवावयाचें कसें? जुन्या गुरूंनीं त्याचें उत्तर ठराविक हालचालींच्या मालिकेंत शोधलें. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावरील कराटे विद्येंत या मालिकेस ‘काता’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतोसू आन्को या गुरूंनीं शाळेंतील मुलांसाठीं ‘पिनान’ नांवाच्या पांच काता रचल्या, आणि १९२२ सालीं फुनाकोशी गिचिन यांनीं टोकियोंत या विद्येचें प्रात्यक्षिक दाखविलें. आपल्याकडे मर्दानी खेळांतील लाठी, फरीगदका, बोथाटी, दांडपट्टा यांचे पवित्रे हे त्याच जातीचे होत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत प्रो. माणिकराव यांनीं देशी व्यायामास सांघिक शिस्त लावली, आणि द. चिं. मुजुमदार यांनीं संपादिलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशां’त अशा अनेक विद्यांची नोंद झाली. निःशस्त्र माणसानें शस्त्रधाऱ्याशीं सामना कसा द्यावा हें शिकविणारी ‘बिनोट’ ही विद्या तर आजच्या विषयाच्या अगदीं जवळची आहे.

परंतु संमेलनांतून हे खेळ पाहणाऱ्यास एक शंका येते. हवेंत हातपाय फिरविल्यानें गुंडापासून संरक्षण कसें होणार? शंका रास्त आहे. नुसती मालिका पाठ करणारा माणूस व्याकरणाचीं सूत्रें घोकून संभाषण करूं न शकणाऱ्या विद्यार्थ्यासारखा असतो. प्रत्येक हालचालीचा अर्थ समजावून घेऊन ती प्रतिस्पर्ध्यासह करून पाहिली, तरच ती उपयोगी पडते.

उदाहरण घ्या. कातेमध्यें एक हात पुढें जात असतां दुसरा कमरेशीं ओढून घेतात. पाहणाऱ्यास तें केवळ ऐटीचें वाटतें. पण त्या मागें येणाऱ्या मुठींत प्रतिपक्ष्याचें मनगट धरलेलें आहे अशी कल्पना केली, म्हणजे त्याचा तोल आपल्याकडे ओढण्याची युक्ति उलगडते. उलट आपलेंच मनगट कोणी धरलें तर? नुसतें मागें हिसडणें बहुधा व्यर्थ जातें. पकड सर्वांत दुबळी असते ती आंगठा आणि बोटें जेथें मिळतात तेथें. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवून, कोपर वांकवून, सर्व अंगानें एकदम वळावें. येथें बळापेक्षां दिशा महत्त्वाची आहे. म्हणूनच ही युक्ति लहान चणीच्या माणसासही साधते.

पायांचेंही तसेंच. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे लोक पाहावे. त्यांचे गुडघे वांकलेले, टांचा वाळूंत रुतलेल्या, आणि जोर दंडांचा नसून कंबरेचा व मांड्यांचा असतो. पवित्र्यांत गुरु शिष्यास गुडघे वांकवावयास लावतात, तें याच कारणानें. दांडपट्ट्यांत तर कोपरापर्यंत लोखंडी मूठ असल्यामुळें मनगट वळतच नाहीं. सारी गति खांद्यांतून आणि कंबरेंतून आणावी लागते. हातांत साधी छत्री असली तरी हेंच ध्यानांत ठेवावें. ती डोक्यावर उगारण्यापेक्षां दोन्ही हातांनीं धरून पुढें रोखल्यास अंतर राखतां येतें, आणि अंतर म्हणजे पळावयास मिळालेली सवड.

घरांतील मुलामुलींना हें शिकवावयाचें असेल, तर रोज एकच हालचाल घ्यावी. प्रथम सावकाश, मग सोबत्यानें खरोखर धरलेल्या हातावर, आणि शेवटीं मोठ्यानें ओरडून. ओरडण्याची लाज हाच पुष्कळदां मोठा अडथळा असतो. तीही सरावानेंच जाते. सोबत्यानें मात्र ‘थांब’ म्हणतांच हात सोडावा.

या विद्येच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. सुरा घेतलेल्या माणसापुढें कोणताही पवित्रा अभय देत नाहीं. पैसे मागितले तर द्यावे. वाट मिळाली तर धांवावें. फुनाकोशींची शिकवण होती कीं, कराटेंत पहिला वार आपला नसतो. आपला कायदाही तेंच सांगतो. १८६० च्या दंडसंहितेनें दिलेला खासगी बचावाचा अधिकार १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत कायम आहे. पण बचावास जरूर त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यांत नाहीं. हल्लेखोर पळूं लागला कीं आपलें काम संपलें. त्याचा पाठलाग करून मारणें हा बचाव नव्हे.

पवित्रा शरीराला शिकवितो तितकाच मनालाही शिकवितो. भय सर्वांनाच वाटतें. परंतु पाय कोठें ठेवावा हें ज्याला ठाऊक आहे, तो भयानें जागच्या जागीं गोठून जात नाहीं. त्या एका क्षणासाठींच वर्षानुवर्षांचा सराव करावयाचा, आणि तो क्षण कधींच न येवो अशी इच्छा करावयाची.