कंपनी बुडाली, सही मात्र उरली

चेक परत येतो, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ची केस करायला व्यापारी वकील गाठतो, आणि तेवढ्यात कळतं की समोरची कंपनी दिवाळखोरीसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) गेली. पुष्कळजण तिथेच फाईल बांधून ठेवतात. ती घाई नडते.

२०१६च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम १४नुसार न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, की कंपनीविरुद्धचे दावे आणि कारवाया थांबतात. पण चेकची केस फौजदारी, दोन वर्षांपर्यंत कैदेची. तीही थांबते का? १ मार्च २०२१ रोजी शाह ब्रदर्स इस्पातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातील न्या. नरिमन यांच्या पीठाने या केसला लांडग्याचं कातडं पांघरलेली दिवाणी मेंढी म्हटलं. वेश फौजदारी, हेतू वसुलीचा. म्हणून कंपनीपुरती केस थांबते. चेकच्याच कायद्यातील कलम १४१खाली आरोपी असलेल्या संचालकांची मात्र चालू राहते. कारण स्थगिती कंपनीला आहे, माणसांना नाही. पुढे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पुनर्रचनेचा आराखडा मंजूर झाला तरी चेकवर सही करणारा जुना संचालक सुटत नाही. मला हे रास्त वाटतं. नाहीतर कंपनी बुडवणं हाच सुटकेचा मार्ग झाला असता.

आता खरी गुंतागुंत. चेक न वटणं हा अजून गुन्हा नव्हे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, की गुन्हा होतो. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात चेक ७ जुलै २०१८ला परत आले, २५ जुलैला स्थगिती लागू झाली आणि नोटीस निघाली ६ ऑगस्टला. तोवर संचालकाचे अधिकार निलंबित, बँकखातं कंपनीचा कारभार हाती घेतलेल्या अंतरिम रिझोल्युशन प्रोफेशनलच्या ताब्यात. हा माणूस पैसे देणार कुठून? न्यायालयाने खटला रद्द केला. तर्क बिनतोड आहे, पण फटका कुणाला बसतो ते पाहा. कायदा नोटिशीला तीस दिवस देतो, आणि 'पुढच्या आठवड्यात नक्की देतो' या फोनवर विसंबून आपला माणूस ते सगळे दिवस घालवतो. माझं ऐकाल तर बँकेचा मेमो हाती आला त्याच आठवड्यात नोटीस पाठवा. संबंध बिघडतील म्हणता? ते चेक परत आला तेव्हाच बिघडले.

काही संचालक दुसरी वाट धरतात: स्वतःच्या नावाने वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करायचा आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम ९६ची अंतरिम स्थगिती पुढे करायची. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली. त्या स्थगितीने चेकचा खटला थांबत नाही.

नोटिशीची वेळ चुकलेल्या पुरवठादाराने निदान आपला दावा फॉर्म बी भरून रिझोल्युशन प्रोफेशनलकडे वेळेत नोंदवावा. त्यातून किती हाती येईल, हे मात्र धनकोंची समिती ठरवते, आणि तिथे बँका बसतात. माल पुरवणाऱ्याला सहसा मत नसतं.